शिस्तभंगाची कारवाई आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे हक्क

जबलपूरहून सिहोरा आणि कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पनागर हे तहसिलीचे गाव आहे. अशा गावात शासनाचे दर्शन मोठ्या अधिकाऱ्यांमुळे क्वचितच घडते. शासकीय शाळेतील शिक्षक, पटवारी, पोलीस शिपाई, टपाल कर्मचारी आणि नगरपालिकेचा सफाई कामगार हेच तेथील नागरिकांच्या दृष्टीने सरकार असते. यांपैकी कोणी कर्तव्यात कसूर केली तर त्याच्यावर कारवाई व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे. त्याचबरोबर वरिष्ठाच्या मर्जीवर कोणाचीही नोकरी जाऊ नये, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. या दोन अपेक्षांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न भारतीय संविधानाच्या आरंभापासून न्यायालयांसमोर येत राहिला आहे. त्यावरील सर्वांत दूरगामी निर्णयांपैकी एकाचा उगम पनागर ज्या जिल्ह्यात आहे त्या जबलपुरातीलच एका कार्यालयात झाला.

जबलपुरातील घटना

२७ जुलै १९७६ रोजी जबलपूर येथील लष्करी अभियांत्रिकी सेवेच्या प्रादेशिक लेखापरीक्षा कार्यालयात तुळशीराम पटेल या कायम लेखापरीक्षकाने तेथील प्रादेशिक लेखापरीक्षा अधिकाऱ्याच्या डोक्यावर लोखंडी सळईने प्रहार केला. वादाचे मूळ रोखल्या गेलेल्या वेतनवाढीत होते. वेतनवाढ का रोखली, असा जाब पटेल यांनी विचारला. ती रोखणारे आपण कोणी नव्हे, असे उत्तर त्या अधिकाऱ्याने दिले, आणि त्यानंतर ही मारहाण झाली. लोकसेवकास कर्तव्य बजावताना दुखापत केल्याबद्दल तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३३२ अन्वये पटेल दोषी ठरले. मात्र दंडाधिकाऱ्यांनी त्यांना तुरुंगवास न देता परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मुक्त केले.

यानंतर संरक्षण लेखा विभागाच्या महानियंत्रकांनी या दोषसिद्धीच्या आधारे, स्वतंत्र विभागीय चौकशी न करता, पटेल यांना सक्तीने सेवानिवृत्त केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ मध्ये चेल्लप्पन प्रकरणात असे म्हटले होते की, दोषसिद्धी झाली असली तरी शिक्षा देण्यापूर्वी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. उच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. केंद्र सरकारने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले. औद्योगिक सुरक्षा दल, रेल्वे, मध्य प्रदेश पोलीस अशा विविध सेवांतील बडतर्फ कर्मचाऱ्यांची प्रकरणेही त्यासोबत जोडली गेली. एका कार्यालयातील मारहाणीचे प्रकरण अशा रीतीने साऱ्या देशातील सरकारी सेवेच्या अटींचे प्रकरण बनले.

मर्जीचे तत्त्व आणि त्यावरील मर्यादा

या वादाचे स्वरूप समजण्यासाठी संविधानातील दोन कलमे एकत्र वाचावी लागतात. कलम ३१० नुसार केंद्राच्या सेवेतील व्यक्ती राष्ट्रपतींची, तर राज्याच्या सेवेतील व्यक्ती राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद धारण करते. हे तत्त्व ब्रिटिश राजवटीतून आले आहे. मात्र इंग्लंडमध्ये राजसत्तेची ही मर्जी जवळजवळ अनिर्बंध मानली जात असे, तर भारतात तिला संविधानानेच बांध घातला आहे.

हा बांध म्हणजे कलम ३११. त्यात दोन प्रमुख हमी आहेत. पहिली अशी की, नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यास बडतर्फ करू शकत नाही किंवा सेवेतून काढून टाकू शकत नाही. दुसरी हमी अशी की, बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती यांपैकी कोणतीही शिक्षा करण्यापूर्वी चौकशी झाली पाहिजे. त्या चौकशीत कर्मचाऱ्यास त्याच्यावरील आरोप कळविले पाहिजेत आणि बचावाची वाजवी संधी दिली पाहिजे. वाजवी संधी म्हणजे काय, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने खेमचंद प्रकरणात १९५७ मध्येच केला होता. आरोप नाकारण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि स्वतःचे साक्षीदार सादर करण्याची मुभा तीत अंतर्भूत आहे. पूर्वी चौकशीनंतर प्रस्तावित शिक्षेविषयी पुन्हा एकदा म्हणणे मांडण्याची संधीही द्यावी लागत असे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही दुसरी संधी रद्द केली.

या हमीला संविधानाने तीन अपवादही ठेवले आहेत. ज्या वर्तनामुळे फौजदारी गुन्ह्यात दोषसिद्धी झाली त्याच वर्तनाबद्दल शिक्षा द्यावयाची असेल, चौकशी करणे व्यवहारतः शक्य नसल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी कारणांसह नोंदविले असेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चौकशी इष्ट नसल्याची राष्ट्रपती वा राज्यपालांची खात्री झाली असेल, तर चौकशी आवश्यक नाही.

घटनापीठाचा निर्णय

११ जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तुळशीराम पटेल प्रकरणाचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या कारकीर्दीचा तो अखेरचा दिवस होता. त्यांच्यासह न्यायमूर्ती वि. द. तुळजापूरकर, रघुनंदन स्वरूप पाठक, दि. पे. मदन आणि म. प्र. ठक्कर हे पीठावर होते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मदन यांनी लिहिला. न्यायमूर्ती ठक्कर यांनी भिन्न मत नोंदविले.

संविधानाने स्वतःच चौकशी वगळली असेल तेथे नैसर्गिक न्यायाच्या नावाने ती मागील दाराने पुन्हा आणता येणार नाही, हे बहुमताच्या निकालाचे सार होते. चेल्लप्पन निर्णयातील पूर्वसुनावणीचे तत्त्व न्यायालयाने अमान्य केले. उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून पटेल यांची सक्तीची सेवानिवृत्ती कायम करण्यात आली. सरकारी कर्मचाऱ्यांना मिळालेले संरक्षण लोकहितासाठी आहे आणि त्यावरील अपवादही लोकहितासाठीच आहेत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. अकार्यक्षम, भ्रष्ट किंवा हिंसक कर्मचाऱ्याचा भार अखेरीस सामान्य नागरिकालाच सोसावा लागतो, हा विचार त्यामागे होता.

तथापि हा निर्णय प्रशासनास मोकळे रान देणारा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. दोषसिद्धी झाली म्हणून बडतर्फी आपोआप होत नाही. शिक्षा ठरविण्यापूर्वी प्राधिकाऱ्याने फौजदारी न्यायालयाचा निकाल वाचावयाचा असतो. गुन्ह्याचे गांभीर्य, त्याचा प्रशासनावरील परिणाम, गुन्हा केवळ तांत्रिक वा क्षुल्लक आहे काय, सौम्य करणारी परिस्थिती होती काय, या सर्वांचा विचार करावयाचा असतो. चौकशी शक्य नसल्याचा निष्कर्ष वाजवी असला पाहिजे. केवळ कटकट टाळण्यासाठी किंवा पुरावा कमकुवत आहे म्हणून ती वगळता येत नाही. विभागीय अपिलाचा मार्ग खुला राहतो आणि परिस्थिती निवळल्यावर अपिलाच्या टप्प्यावर चौकशीची मागणीही करता येते. न्यायालयीन पुनर्विलोकनाचा अधिकार तर कायमच असतो.

याच सरन्यायाधीशांनी केवळ चार महिन्यांपूर्वी, मार्च १९८५ मध्ये, शंकर दास प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने सोबत वाचण्यासारखा आहे. दिल्ली दूध योजनेतील या रोखपाल लिपिकाने ५०० रुपयांचा अपहार केला होता, रक्कम परत केली होती आणि गुन्हाही कबूल केला होता. घरातील विपत्ती लक्षात घेऊन दंडाधिकाऱ्यांनी त्याला परिवीक्षेवर मुक्त केले. सरकारने मात्र बडतर्फ केले. शिक्षा देण्याचा अधिकार न्याय्य रीतीने वापरण्याचे कर्तव्यही त्याच्यासोबत येते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याला मागील वेतनासह पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. दोन्ही प्रकरणांत दोषसिद्धी होती आणि दोन्हींत परिवीक्षा होती. फरक पडला तो कृत्याच्या स्वरूपामुळे आणि शिक्षा ठरविताना झालेल्या किंवा न झालेल्या विचारामुळे.

अपवादाचा वापर आणि त्याची तपासणी

चौकशीविना बडतर्फीचे कलम आजही वापरले जाते. मुंबई पोलिसांनी मे २०२१ मध्ये सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांना याच तरतुदीखाली सेवेतून बडतर्फ केले. जम्मू आणि काश्मीरमध्ये २०२१ पासून राज्याच्या सुरक्षिततेविषयीच्या तिसऱ्या अपवादाखाली अनेक कर्मचाऱ्यांना सेवेतून दूर करण्यात आले आहे.

परंतु प्रत्येक वेळी असा आदेश टिकतोच असे नाही. पंजाब पोलिसांतील जसवंतसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौकशी अशक्य होती असे अधिकाऱ्याने नुसते म्हणणे पुरेसे नाही. त्या मताला वस्तुनिष्ठ आधार दाखविला पाहिजे. मुंबईतील एका पोलीस निरीक्षकास ऑगस्ट २००८ मध्ये चौकशीविना बडतर्फ करण्यात आले होते. मे २००९ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. या तरतुदीची खरी कसोटी आदेशातील लेखी कारणांवर लागते, हे अशा प्रकरणांवरून दिसते.

नेहमीची चौकशी कशी चालते

अपवाद सोडल्यास नेहमीचा मार्ग विभागीय चौकशीचा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६५ चे, मध्य प्रदेशातील राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९६६ चे, तर महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम आहेत. तपशिलात फरक असला तरी टप्पे बहुतांशी सारखे आहेत.

ठपका ठेवणे, पदोन्नती किंवा वेतनवाढ रोखणे, शासनाच्या नुकसानीची वसुली करणे या सर्वसाधारणतः किरकोळ शिक्षा होत. पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी या मोठ्या शिक्षा मानल्या जातात. शेवटच्या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. सेवेतून काढून टाकलेली व्यक्ती पुन्हा सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरत नाही; बडतर्फ व्यक्ती सामान्यतः अपात्र ठरते.

मोठ्या शिक्षेसाठी प्रथम दोषारोपपत्र द्यावे लागते. त्यासोबत आरोपांचा तपशील, ज्या कागदपत्रांच्या आधारे आरोप सिद्ध करावयाचे त्यांची यादी आणि साक्षीदारांची यादी जोडलेली असते. कर्मचारी लेखी उत्तर देतो. आरोप नाकारले गेल्यास चौकशी अधिकारी नेमला जातो; शासनाची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो, तर कर्मचाऱ्यास सहकारी बचाव साहाय्यकाची मदत घेता येते. चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत अंतिम निर्णयापूर्वी कर्मचाऱ्यास मिळाली पाहिजे, हे तत्त्व १९९० च्या रमजान खान आणि १९९३ च्या करुणाकर निर्णयांनी पक्के केले. केंद्रीय नियमांनुसार त्यावर निवेदन देण्यासाठी १५ दिवस आणि अंतिम आदेशाविरुद्ध अपिलासाठी ४५ दिवस मिळतात. २०१७ च्या दुरुस्तीने केंद्रातील चौकशी सहा महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधनही घातले. कारण नोंदवून मुदत वाढविता येते.

विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला यांत पुराव्याची कसोटी वेगळी असते. खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत तो अधिक संभवनीय वाटणे पुरेसे असते. म्हणून फौजदारी न्यायालयातून सुटका झाली की नोकरी आपोआप परत मिळते, हा सार्वत्रिक समज बरोबर नाही.

कागदपत्रे आणि निर्वाह भत्ता

चौकशीची रचना कागदावर कितीही निर्दोष असली तरी तिचे यश छोट्या वाटणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. मध्य प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयात गेलेली दोन जुनी प्रकरणे याची साक्ष देतात.

पहिले प्रकरण पोलीस उपनिरीक्षक चिंतामण सदाशिव वैशंपायन यांचे. बचावासाठी आवश्यक असलेली कागदपत्रे त्यांनी मागितली असता ती देण्यात आली नाहीत. उच्च न्यायालयाने बडतर्फीविरुद्ध निर्णय दिल्यावर मध्य प्रदेश शासन अपिलात गेले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालाने शासनाचे अपील फेटाळले. आरोपांशी संबंधित कागदपत्रे नाकारली तर उलटतपासणीचा हक्क पोकळ ठरतो, हे त्या निकालाचे तात्पर्य होय.

दुसरे प्रकरण घनश्यामदास श्रीवास्तव या वनक्षेत्रपालाचे आहे. निलंबित असताना त्यांची चौकशी जगदलपूर येथे, म्हणजे ते राहत असलेल्या ठिकाणापासून सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर ठेवण्यात आली. निर्वाह भत्ता वेळेवर मिळाला नसल्याने तेथे जाण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. ते अनुपस्थित असतानाच चौकशी पूर्ण झाली आणि त्यांना बडतर्फ करण्यात आले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. ज्याला चौकशीस पोहोचण्याचेही साधन ठेवले नाही त्याला संधी दिली, असे म्हणता येत नाही.

निलंबन ही तांत्रिकदृष्ट्या शिक्षा नाही. नोकरीचे नाते त्यात तुटत नाही, म्हणून उपजीविकेपुरती रक्कम द्यावीच लागते. केंद्रीय नियमांत ही रक्कम आरंभी अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतकी आणि तीवरील महागाई भत्ता अशी असते. तीन महिन्यांनंतर, विलंब कोणामुळे झाला हे पाहून, ती वाढविता किंवा घटविता येते. महाराष्ट्रात लागू असलेल्या जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत, फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या परंतु अपील प्रलंबित असलेल्या निलंबित कर्मचाऱ्यास महिन्याला केवळ एक रुपया देण्याची तरतूद होती. चंद्रभान ताले प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. एका रुपयात महिनाभर निर्वाह होतो असे मानणे ही थट्टाच होती.

अनिश्चित काळ लांबणारे निलंबन हाही दीर्घकाळचा प्रश्न आहे. केंद्रीय नियमांनुसार निलंबनाचा ९० दिवसांच्या आत आढावा घ्यावा लागतो आणि मुदतवाढ एका वेळी १८० दिवसांहून अधिक देता येत नाही. अजय कुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नसल्यास निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सांगितले.

सर्व कर्मचाऱ्यांना समान संरक्षण नाही

सार्वजनिक पैशातून वेतन घेणारा प्रत्येक जण कलम ३११ च्या छत्राखाली येतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. पनागरमधील पटवारी किंवा पोलीस शिपाई राज्याचे नागरी पद धारण करतो. नगरपालिकेचा कर्मचारी मात्र स्थानिक संस्थेचा सेवक असतो. त्याला त्या संस्थेस लागू असलेल्या सेवा नियमांचे आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचे संरक्षण मिळते, कलम ३११ चे नव्हे.

जबलपूर परिसरात हा भेद विशेष जाणवतो, कारण शहराचे अर्थजीवन दीर्घकाळ खमरिया आयुध निर्माणी, तोफगाडा कारखाना आणि वाहन निर्माणी यांच्याभोवती फिरत आले आहे. संरक्षण विभागाशी निगडित पदांवरील मुलकी कर्मचाऱ्यांनाही कलम ३११ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. त्यांची भिस्त सेवा नियमांवर असते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांना केंद्रीय सेवाशर्ती कायम ठेवून सुरुवातीस दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर पाठविण्यात आले. आपण सरकारचे कर्मचारी की कंपनीचे, या प्रश्नामागे वेतनाइतकीच शिस्तभंगाच्या नियमांची आणि दाद मागण्याच्या मार्गाचीही चिंता होती.

दाद मागण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक पीठ जबलपूर येथे आहे. महाराष्ट्रात १९९१ पासून राज्याचे स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. मध्य प्रदेशातील असे न्यायाधिकरण बंद करण्यात आल्याने तेथील राज्य कर्मचाऱ्यांना थेट उच्च न्यायालयात जावे लागते. त्याचे मुख्य पीठ जबलपुरातच आहे. न्यायाधिकरणांचे निकाल उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तपासले जाऊ शकतात, हे १९९७ च्या चंद्रकुमार निर्णयाने स्पष्ट केले आहे.

न्यायालय मात्र पुरावा नव्याने तोलत बसत नाही. चौकशी नियमांनुसार झाली काय, निष्कर्षाला काही पुरावा आहे काय आणि शिक्षा विवेकाला धक्का देण्याइतकी विषम आहे काय, एवढेच ते पाहते. म्हणून चौकशीच्या काळात कर्मचाऱ्याने काय केले याला मोठे महत्त्व येते. उत्तर मुदतीत देणे, कागदपत्रांची मागणी लेखी करून पोच घेणे, प्रक्रियेवरील आक्षेप त्याच वेळी नोंदविणे आणि चौकशीवर बहिष्कार न टाकणे ही पथ्ये पाळली नाहीत, तर पुढे सबळ बाजूही दुर्बळ होते.

संघटना आणि संप

शिस्तीचा प्रश्न सामूहिक कृतीपर्यंतही पोहोचतो. बिहार सरकारने कर्मचाऱ्यांच्या सर्व प्रकारच्या निदर्शनांवर घातलेली सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद प्रकरणात १९६२ मध्ये रद्द केली. नोकरी स्वीकारली म्हणून नागरिकत्वाचे हक्क संपत नाहीत, परंतु संप हा मूलभूत हक्क नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने संपावरील सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी आणि शिक्षकांना कामावरून काढले, तेव्हा रंगराजन प्रकरणात न्यायालयाने संपाचा हक्क पुन्हा नाकारला. मात्र सरकारने बहुसंख्य कर्मचाऱ्यांना परत घेण्याचा मार्गही त्याच सुनावणीत निघाला. आयुध निर्माण्यांच्या पुनर्रचनेच्या वेळी, २०२१ मध्ये, संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदा केवळ एका वर्षासाठी करण्यात आला होता.

या सर्व निर्णयांकडे एकत्रितपणे पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते. न्यायालयांनी कर्मचाऱ्याला बेशिस्तीची सवलत दिलेली नाही. कार्यालयात सहकाऱ्याचे डोके फोडणाऱ्यास सेवेत ठेवण्याचा आग्रह कोणत्याही कायद्याने धरलेला नाही. त्यांनी मागितले आहे ते प्रशासनाकडून उत्तर. कारवाई कोणत्या कृत्याबद्दल, कोणत्या पुराव्यावर आणि याच मापाची शिक्षा का, हे आदेशात लिहिलेले असले पाहिजे. दोषी कर्मचारी प्रक्रियेतील चुकीमुळे सुटतो तेव्हा नुकसान जनतेचे होते; निर्दोष कर्मचारी वरिष्ठाच्या रोषाला बळी पडतो तेव्हाही ते जनतेचेच होते, कारण नियमाप्रमाणे काम करण्याचे धैर्य त्यानंतर इतरांनाही उरत नाही. पनागरच्या पटवाऱ्याने दबावाला न जुमानता सातबाऱ्यासारख्या अभिलेखात खरी नोंद करावी, अशी अपेक्षा असेल, तर खरी नोंद केल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही, ही हमी त्याला असली पाहिजे. चौकशीचा हक्क त्यासाठीच आहे.